अंतरपाटापलीकडचा धोंडा

शामण्णांनी आपल्या मुलीसाठी आलेल्या प्रत्येक स्थळाला आधी एक धोंडा दाखवला. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिले आहे. त्यात अलंकार नाही आणि अतिशयोक्तीही नाही. धोंडा खरोखरीचा होता. देवनहळ्ळीच्या पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता सोडून साधारण अर्धा तास पायी चालल्यावर तो लागत असे. स्थळ पुण्याचे असो, नागपूरचे असो, की आमच्या बेंगळुरातलेच असो, वरपक्षाला खायला मिळे ते धोंड्याच्या दर्शनानंतर. आणि तेही पोहे नसत, चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीभात, आणि दहीभात असे.

चामराजपेटेत आमची घरे समोरासमोर होती. मी जवळच्या एका संस्कृत पाठशाळेत शिकवीत असे. मी धारवाडकडून आलेला. शामण्णा मात्र तिथले जुने. आपले पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कोण्या मराठा सरदाराच्या पदरी घोड्यावर बसून इकडे आले, असे ते सांगत. "मग परत का नाही गेले?" असे कोणी विचारले, तर "घोडा म्हातारा झाला," एवढेच उत्तर मिळे. माजघरात मराठी, दारात कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ, अशी त्यांच्या घरची व्यवस्था होती. श्यामराव हे कागदावरचे नाव. सारी गल्ली त्यांना शामण्णा म्हणे, आणि मीही.

घड्याळांच्या एका कारखान्यात त्यांनी तबकड्या तपासण्याचे काम केले. डाव्या डोळ्याला भिंग लावायचे, उजवा मिटायचा, आणि जिच्यात दोष असेल ती तबकडी बाजूला काढायची. निर्दोष तबकडी आपोआप पुढे जाई. तिच्याविषयी कोणाला काही सांगावे लागत नसे. सांगावे लागे ते नाकारताना. निवृत्त झाल्यावर भिंग कारखान्याला परत गेले, पण मिटलेला डोळा त्यांच्याकडेच राहिला. वांगी घेताना ते वांग्यांकडे, आमंत्रण आले की पत्रिकेच्या छपाईकडे, आणि डॉक्टर त्यांना तपासत असले की डॉक्टरांकडे, एक डोळा मिटूनच पाहत. माझी नात बारशाला पाळण्यात होती तेव्हा तिला तसेच न्याहाळून ते म्हणाले, "सरी आहे." कन्नडातले 'सरी' म्हणजे 'ठीक'. माझी सून खट्टू झाली. शामण्णांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकलेली नाही, हे तिला मागाहून समजावून सांगावे लागले.

त्यांच्या तोंडी सदैव असलेले दुसरे शब्द 'स्वल्प थांबा' हे होते. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, पंगतीत वाढणाऱ्याला, सर्वांना ते हेच सांगत. पाठशाळेच्या उत्सवात एकदा आरतीचा पहिला शब्द आमच्या ओठांवर असताना त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "स्वल्प थांबा." सारी सभा थांबली. त्यांनी पुढे होऊन समईतली एक वात सरळ केली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन हात जोडले. मला राग यायला हवा होता. पण वात वाकडी होती, हे खरे होते.

पत्नी लवकर गेली. घरात ते आणि मुलगी पद्मा. पद्मा एका शाळेच्या ग्रंथालयात काम करी. उंच, शांत, आणि वडिलांसारखीच मोजके बोलणारी. गल्लीच्या टोकाला शामण्णांची थोरली बहीण गंगक्का राहत. त्या मोजके बोलत नसत.

आता दगडांविषयी. ते पाहण्यासारखे होते, यात वाद नाही. नाचणीची शेते संपली की निलगिरीची विरळ झाडे लागत, मग घाणेरीची झुडपे, आणि मग एकाएकी जमिनीतून वर आलेले करडे, पावसाच्या ओघळांनी काळे पडलेले धोंडे. मोठ्या समारंभाची मांडामांड अर्धी टाकून मंडळी निघून गेल्यासारखे. तरुणपणी सायकलवरून हिंडताना ही जागा शामण्णांना सापडली. एका रांगेत बसलेल्या बुटक्या दगडांना ते 'पंगत' म्हणत. पंगतीकडे पाठ करून उभी असलेली एक उंच शिळा होती, तिचे नाव 'रुसलेली आत्या'. या नावावर गंगक्कांचा राग होता. आणि पायवाटेचे वळण घेऊन थोडे वर गेले की 'व्याही'.

व्याही म्हणजे घराएवढा गोलसर धोंडा. तो सपाट कातळावर उभा होता आणि टेकला होता तो जेवायच्या पाटाएवढ्या जागेवर. त्याच्या पोटाखालून पलीकडचे आकाश दिसे. आता गडगडेल असे पाहणाऱ्याला प्रत्येक क्षणी वाटे, आणि तो गडगडत नसे. नाव व्याही का, असे मी पहिल्याच भेटीत विचारले.

"एवढा मोठा, एवढ्याशा कारणावर उभा, आणि समोरच्याने जन्मभर भीत राहायचे," शामण्णा म्हणाले. "दुसरे नाव सुचवा."

मला सुचले नाही.

आरंभी ते मित्रांना नुसतेच घेऊन जात. पण माणसे दुरून बघत बघत येतात आणि जवळ पोचेपर्यंत त्यांचे बघून संपलेले असते, अशी त्यांची तक्रार होती. एकदा भाच्याच्या लग्नातून काही पाहुण्यांना घेऊन ते परस्पर तिकडे गेले. पिशवीत चुकून लग्नाचा अंतरपाट राहिला होता. वळणावर दोघांना तो धरायला लावून त्यांनी पाहुण्यांना मागे उभे केले आणि सगळे दम खाऊन स्थिर झाल्यावर कापड सोडायला सांगितले. परिणाम असा झाला की एक गृहस्थ मटकन खाली बसले. त्या दिवसापासून अंतरपाट धोंड्याकडे लागला. भाच्याच्या घरच्यांनी तो परत मागितला. शामण्णांनी त्यांना नवे कापड पाठवले.

कुंकवाचे स्वस्तिक रेखलेले ते वस्त्र एका दगडासमोर धरणे मला प्रशस्त वाटत नव्हते. मी तसे म्हणालोही. "विवाहसंस्काराचे वस्त्र आहे ते, शामण्णा."

"मंत्र म्हणू नका, शास्त्रीबुवा. नुसते एक टोक धरा."

मी ग्रंथ पाहिले. आधार सापडला नाही. पण निषेधही आढळला नाही. मी टोक धरले, आणि पुढे कित्येक वर्षे धरीत राहिलो.

पद्माला स्थळे येऊ लागली तेव्हा या दोन गोष्टी एकत्र आल्या. शामण्णांचे म्हणणे असे होते की दाखवण्याच्या कार्यक्रमात दोन्हीकडची माणसे पावडर लावून बसतात. तिथे काय कळणार? उन्हात अर्धा तास चालून, घाम पुसत असताना, कापड पडून समोर एकदम एवढे मोठे काही उभे राहिले, की तोंडातून जे पहिले निघते ते त्या माणसाचे स्वतःचे असते. त्यावरून ठरवायचे. या विचारात मला चूक दाखवता आली नाही. पत्रिका मी जुळवीत असे; उरलेले गुण धोंडा जुळवीत असे.

पहिले मोठे स्थळ पुण्याचे. मुलगा इंजिनीअर, इलेक्ट्रॉनिक सिटीत नुकताच लागलेला, तिकडेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. आईवडील मुद्दाम पुण्याहून आले होते. भाड्याची मॅटाडोर देवनहळ्ळीत कॉफी पिऊन पुढे निघाली तेव्हा त्यांना वाटले की मुलीचे घर शेतावर आहे. गाडी नाचणीच्या शेताशी थांबली आणि शामण्णा खाली उतरून चालू लागले.

"अहो, हे... ट्रेकिंग आहे का?" मुलाची आई म्हणाली. तिने भारी रेशमी साडी नेसली होती.

"नाही. चालणे आहे," शामण्णा म्हणाले.

"आणि मुलगी?"

"मागच्या बसने येते आहे. डबे आहेत तिच्याकडे."

"आई, इट्स ओके, छान आउटिंग होईल," मुलगा म्हणाला. तो सालस होता, हे मला इथे नमूद केले पाहिजे.

वळणावर मी एक टोक धरले, मॅटाडोरच्या ड्रायव्हरने दुसरे. शामण्णांनी वरपक्षाला ओळीने उभे केले, मुलाच्या आईचा श्वास खाली बसेपर्यंत वाट पाहिली आणि मान हलवली. आम्ही कापड सोडले.

"बाप रे!" मुलगा म्हणाला. "किती टनांचा असेल हो?"

शामण्णांनी एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिले. मग ते सर्वांना खाली पंगतीपाशी घेऊन आले, पद्माने चित्रान्न वाढले, सर्वांनी ते आवडीने खाल्ले. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, "नको."

"का? मुलगा चांगला आहे."

"वजन विचारतो. उद्या पद्माचे विचारेल."

दुसरे स्थळ नागपूरचे. मुलाचे वडील भाविक होते, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले होते. कापड पडताच त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळ्यांत पाणी आले, आणि पिशवीतून नारळ काढून ते पुढे सरसावले. "स्वयंभू आहे हो हे! साक्षात! कुंकू आहे का जी कोणाजवळ?"

शामण्णा त्यांच्या आणि धोंड्याच्या मधे जाऊन उभे राहिले. "स्वल्प थांबा. तो देव नव्हे."

"असं कसं म्हणता? दगडातच तर देव असतो ना बाप्पा!"

"असेल. पण हा व्याही आहे."

दोघांनीही निर्णयासाठी माझ्याकडे पाहिले. ईश्वर चराचरात भरून आहे, आणि म्हणूनच या एका ठिकाणी कुंकू लावण्याची निकड नाही, असे मी सांगितले. हे उत्तर दोघांनाही पसंत पडले नाही. नारळ शेवटी पंगतीतल्या एका दगडावर फोडून चित्रान्नाबरोबर वाटण्यात आला. परतीच्या वाटेवर त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले. "शास्त्रीजी, मुलगी चांगली आहे. पण बाप दगडाला व्याही म्हणते, मग व्याह्याला काय म्हणन?" त्या स्थळाला आम्ही नकार कळवण्याआधीच त्यांचा आला.

तिसरा मुलगा बेंगळुरातलाच. त्याला कोणीतरी आधी सावध केले असावे. कापड पडले आणि तो काहीच बोलला नाही. पुष्कळ वेळ बोलला नाही. मला वाटले, हा कसोटीला उतरला.

"मुका," शामण्णा संध्याकाळी म्हणाले.

"मौन हेही एक उत्तर असते, शामण्णा."

"बंद पडलेले घड्याळही मौनच असते."

असे चालत राहिले. कोणी भूगर्भशास्त्र सांगितले, कोणी फोटो काढला, एकाने आपल्या गावाकडे याहून मोठा दगड असल्याचे सांगितले. सगळे नापास झाले. बरोबर उत्तर काय, हे शामण्णांनी मला कधी सांगितले नाही. मी एकदा सरळ विचारले, "तुमच्या पत्नीला तुम्ही दाखवला असेलच. त्या काय म्हणाल्या होत्या?"

शामण्णांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहिले. लग्नाला आठवडाही झालेला नव्हता, त्यांनी सांगितले. तिला सायकलवर पुढे बसवून नेले होते. "म्हणाली, चला घरी, दूध बाहेरच राहिलंय."

"आणि तुम्हाला ते पटले?"

"राहिलेच होते. आलो तर नासलेले."



या सर्व काळात पद्मा काय म्हणत होती, असा प्रश्न वाचकाला पडेल. मला तो फार उशिरा पडला. एका स्थळाच्या वेळी वरून उतरून मी शेताच्या कडेच्या बोअरिंगवर हात धूत होतो. ती डबे विसळत होती. अंतरपाट माझ्या खांद्यावर होता.

"आज काय म्हणाले ते?" तिने विचारले.

"म्हणाले, इथे रिसॉर्ट चांगले चालेल."

"मग झालं की." तिने झाकण लावले. "शास्त्री मामा, एक सांगू? मला दगड आवडत नाहीत."

मी म्हणालो, "पण तू तर लहानपणापासून..."

"मला कोणी विचारलं नाही. ऊन लागतं, घाणेरीनं हात ओरबाडतात, आणि येऊन परत डबे घासायचे. व्याह्याचं तर मी कापड पडतानासुद्धा बघितलं नाही कधी. मी इथं खालीच असते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ग्रंथालयात एखादे पुस्तक नाही हे सांगावे, तसे ती सांगत होती. "मला लग्न करायचंय, मामा. दर वेळी ते लोक वर गेले की मी ऐकत बसते, आता काय बोलतील. आवाज येतो इथवर. शब्द येत नाहीत."

ती तिशीला आली होती. समोरच्या घरात स्थळे येऊन जात होती, आणि मी दर वेळी कापड धरीत होतो.

गंगक्कांनी त्याच सुमारास भावाला आमच्या ओट्यावर, माझ्या देखत धारेवर धरले. "शामा, खरं सांग. तुला पोरगी द्यायचीच नाही."

"द्यायची आहे. स्वल्प थांब."

"किती थांबू रे? धोंड्याला लेकरं होईपर्यंत? ही गेली की घरात तू एकटा, म्हणून भितोस तू. सगळ्या गल्लीला कळतं ते. या शास्त्रीबुवांनाही कळतं, पण ते बोलणार नाहीत."

मी बोललो नाही. शामण्णा ओट्याच्या फरशीकडे एक डोळा मिटून पाहत राहिले. फरशीत काही दोष असल्यास तो मला दिसला नाही.

"तसं नाही, अक्का," ते शेवटी म्हणाले. 

गंगक्का वाट पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी स्वतः एक स्थळ काढले. अविनाश नावाचा मुलगा, पस्तिशीचा, मूळचा मुंबईचा, आईवडील नव्हते, इलेक्ट्रॉनिक सिटीत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. आणि मला हे नंतर कळले, की गंगक्कांनी त्या दोघांना आपल्या घरी बोलावून, दार लोटून, रीतसर कांदेपोह्यांचा कार्यक्रम आधीच उरकला होता. एकदा नव्हे, दोनदा. दोघांचे ठरले होते. आता मधे फक्त धोंडा होता.

मॅटाडोरमध्ये अविनाश माझ्या शेजारी बसला. मांडीवर सफरचंदांची पिशवी होती आणि ती तो दोन्ही हातांनी आवळीत होता. पुढच्या सीटवर शामण्णा.

"काका," तो हळूच म्हणाला, "काय बोलायचं असतं?"

"मला माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही?"

"आजवर तरी नाही."

त्याने घाम पुसला. "मग आधीचे लोक काय काय बोलले ते सांगा ना. ते सोडून बोलतो."

मी त्याला आठवेल तेवढे सांगितले. देवनहळ्ळी येईपर्यंत ते पुरले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे बोलण्यासारखं काही उरलंच नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी गंगक्काही आल्या होत्या. पंगतीपाशी डब्यांजवळ त्या बसल्या. आम्ही वर निघालो. वळणावर मी नेहमीप्रमाणे एक टोक धरले, ड्रायव्हरने दुसरे. अविनाश कापडामागे उभा राहिला, एकटाच. त्याच्या बाजूने कोणी नव्हते. ते मला बरे वाटेना. शामण्णा कापडाच्या अलीकडे माझ्याजवळ उभे राहून त्याचा श्वास स्थिर होण्याची वाट पाहू लागले. तो काही केल्या स्थिर होईना. त्याचे ओठ हलत होते. पाठ करीत असावा.

एवढ्यात पायवाटेवर चपलांचा आवाज आला. पद्मा वर येत होती. ती आमच्याकडे न येता सरळ कापडाच्या मागे गेली आणि अविनाशच्या शेजारी उभी राहिली. पदराने तिने कपाळ पुसले.

"तू इथे कशाला?" शामण्णा म्हणाले. "डबे?"

"आत्याजवळ ठेवलेत. मीही बघते की आज."

शामण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी कापडाकडे पाहिले. पाहुण्यांच्या बाजूला कोणी उभे राहावे, याविषयी नियम केलेला नव्हता.  मग त्यांनी मान हलवली आणि आम्ही टोके सोडली.

कापड खाली आले. व्याही आपल्या पाटाएवढ्या जागेवर उभा होता, सकाळचे ऊन त्याच्या पोटाखालून पलीकडे जात होते. अविनाशने बोलण्यासाठी तोंड उघडले.

"मला हे पसंत आहेत, अण्णा," पद्मा म्हणाली.

अविनाशचे तोंड उघडेच राहिले.

शामण्णा म्हणाले, "मी त्यांचे ऐकायला उभा आहे."

"कापड पडल्यावर पहिलं जे निघेल ते धरायचं, असं तुम्हीच ठरवलंय. पहिली मी बोलले."

"तू पाहुण्यांतली नव्हेस."

"नाही. पण कापडाच्या या बाजूला मीच आहे की."

ती धोंड्याकडे पाहत नव्हती आणि अविनाशकडेही पाहत नव्हती. ती वडिलांकडे पाहत होती. शामण्णांचा उजवा डोळा मिटला. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ जणांची पहिली वाक्ये नाकारली होती; हे वाक्य नाकारायचे तर मुलीला नाकारावे लागणार होते. ड्रायव्हर खोकला. मी खाली पडलेला अंतरपाट उचलून घडी घालू लागलो, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

खालून गंगक्कांचा आवाज आला. "काय झालं रे शामा? वाढू की नको?"

 वाऱ्याने निलगिरीची पाने वाजत होती. शामण्णांनी मिटलेला डोळा उघडला आणि अविनाशकडे पाहिले, त्याच्या हातातल्या सफरचंदांच्या पिशवीकडे पाहिले, मग मुलीकडे. त्यांच्या तोंडातून 'स्वल्प थांबा' निघणार, असे मला निश्चित वाटले.

"वाढ," ते खाली पंगतीच्या दिशेने ओरडले.

 पंगतीत बसल्यावर अविनाशने दहीभात दोनदा मागून घेतला. नंतर कधीतरी मी त्याला विचारले, की तू बोलणार काय होतास? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की त्याला 'नमस्कार' एवढेच सुचले होते.

लग्न कार्तिकात झाले. चामराजपेटेतल्याच एका छत्रात, म्हणजे मराठी मुलखात ज्याला लग्नाचे कार्यालय म्हणतात तिथे. मंगलाष्टके मी म्हटली. कन्यादानाचा संकल्प सांगताना मी थोडा सावकाश सांगितला, कारण शामण्णांच्या पळीतले पाणी सांडत होते. त्यांनी दिवसभर कोणालाही थांबवले नाही. पानांची मांडणी वाकडी झाली तेव्हाही नाही, मुहूर्ताला माझ्या पाठशाळेतला मुलगा अक्षता वाटायला विसरला तेव्हाही नाही. गंगक्का दोनदा माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "याला बरं नाही की काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच मला मुलाकडे हुबळीला कायमचे जायचे होते. त्यामुळे त्या संध्याकाळी मी शामण्णांना पाहिले ते शेवटचे.

पाठवणीची वेळ झाली. अविनाशने मित्राची मारुती व्हॅन आणली होती. पद्मा सर्वांच्या पाया पडली. वडिलांच्या सर्वांत शेवटी. ती आत बसली, दार लागले, बायकांनी डोळे पुसले, आणि व्हॅन सुरू होईना. अविनाशने किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली. इंजिन खोकून गप्प होई. "यंत्रं दुरुस्त करतोस ना रे तू?" गंगक्का रडता रडता ओरडल्या. कोणी हसले. मग छत्राच्या दारातले चार पुरुष पुढे झाले आणि व्हॅनला मागून ढकलू लागले.

शामण्णा त्यांच्यात होते.

"अण्णा, तुम्ही नको, तुम्ही बाजूला व्हा," कोणीतरी म्हणाले. मुलीच्या बापाने ती गाडी ढकलू नये, असे त्यालाही वाटले असणार आणि मलाही वाटले. पण ते बाजूला झाले नाहीत. कडक इस्त्रीचे धोतर एका हाताने वर खोचून त्यांनी दोन्ही पंजे मागच्या काचेखाली टेकले आणि मान खाली घालून जोर लावला. काचेतून पद्माचा चेहरा मागे वळलेला दिसत होता. गाडी हलली, थोडी पुढे गेली, आणखी थोडी. ते तिच्यामागून धावू लागले, वयाला न शोभेल इतके. उताराशी इंजिन एकदम धडधडले, धूर आला, आणि व्हॅन त्यांच्या हातांतून सुटून निघून गेली.

बाकीचे लोक हात झटकीत परत फिरले. शामण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात अजून पुढे होते, पंजे उघडे, गाडी जिथे होती तिथे टेकलेले.